आर्सचे धर्मगुरु : संत जॉन मेरी व्हियान्नी

इ. स. १७९९ मधील गोष्ट. फ्रान्स देशांत लिऑन शहराजवळ एक्युली नांवाचें गांव आहे. त्या गांवांतील एका घराच्या खिडक्या भरदिवसां लावून घेतल्या होत्या व बाहेरून त्या खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. रस्त्यानें जाणाऱ्यास वाटावें कीं, येथें गवत उतरून घेण्याचें काम चाललें आहे. आंत मेणबत्तीच्या उजेडांत सोळा मुलें गुडघे टेकून बसलीं होतीं आणि हलक्या आवाजांत मिस्सा चालली होती. त्या मुलांत तेरा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचें नांव जॉन मेरी व्हियान्नी. त्या दिवशीं त्यानें पहिल्यानें ख्रिस्तप्रसाद घेतला.

मुलांनो, हा लपंडाव कशासाठीं, हें समजण्यास त्या काळच्या फ्रान्सची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १७८९ सालीं तेथें राज्यक्रांति झाली. पुढच्याच वर्षीं सर्व धर्मगुरूंनीं सरकारच्या नव्या धर्मविषयक कायद्याशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, असें ठरविण्यांत आलें. ही शपथ घेणें म्हणजे पोपमहाशयांपासून फुटून निघणें होय, असें मानून ज्यांनीं ती नाकारली त्यांस देश तरी सोडावा लागला, नाहीं तर वेष पालटून लपून राहावें लागलें. जे सांपडले त्यांपैकीं कित्येकांस प्राणास मुकावें लागलें. व्हियान्नीचा जन्म ८ मे १७८६ रोजीं दार्दिली गांवीं झाला आणि त्याच दिवशीं त्यास स्नानसंस्कार मिळाला. परंतु तो जाणता होईपर्यंत हें वादळ घरापर्यंत येऊन पोहोंचलें होतें. त्याचे आईबाप मुलांना घेऊन रात्रीं अंधारांतून चालत जात आणि कोणाच्या तरी कोठारांत होणाऱ्या मिस्सेस हजर राहत. जॉन अकरा वर्षांचा असतां असेच एक लपून फिरणारे धर्मगुरु त्यांच्या घरीं आले. घरांतील मोठ्या घड्याळाजवळ गुडघे टेकून त्यानें आपलें पहिलें पापनिवेदन केलें. आपल्याकडील वडीलधारीं माणसें ज्याला कुमसार म्हणतात, तेंच हें.

आमच्या धर्मग्रामांत दरवर्षीं मुलें पांढरे शुभ्र कपडे घालून, हातांत मेणबत्ती घेऊन प्रथम ख्रिस्तप्रसादास येतात. घरीं पाहुणे येतात, जेवण होतें, फोटो काढला जातो. यांत वावगें कांहींच नाहीं. पण तो सोहळा पाहतांना मला त्या गवताच्या गाड्या आठवतात.

पुढें नेपोलियनच्या अमदानींत चर्चें उघडलीं. आपण धर्मगुरु व्हावें ही इच्छा जॉनच्या मनांत केव्हांपासून होती. परंतु शाळा फारशी झालेली नव्हती, शेतावर माणसांची गरज होती आणि वडील खर्चाला भीत होते. विसाव्या वर्षीं, १८०६ सालीं, त्याला एक्युली येथील फादर बाले यांच्याकडे पाठविण्यांत आलें. तेथें त्याची गांठ लॅटिन व्याकरणाशीं पडली! आज पाठ केलेलीं रूपें उद्यां आठवेनात. त्याच्याबरोबर शिकणारीं मुलें वयानें कितीतरी लहान होतीं. त्यांत मॅथायस लोरास नांवाचा एक हुशार मुलगा होता. व्हियान्नीला शिकवितां शिकवितां एके दिवशीं त्याला इतका संताप आला कीं, त्यानें सर्वांसमक्ष त्याच्या थोबाडींत मारली. तेव्हां हा वीस वर्षांचा धट्टाकट्टा शेतकरी त्या पोरासमोर गुडघे टेकून बसला आणि त्यानें त्याची क्षमा मागितली. लोरासला रडूं कोसळलें. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. हाच लोरास पुढें अमेरिकेंत गेला व १८३७ सालीं डुब्यूकचा पहिला बिशप झाला.

मध्यंतरीं सैन्यभरतीचें संकट आलें. १८०९ सालीं स्पेनच्या लढाईसाठीं त्याला बोलावणें आलें. तो आजारी पडून मागें राहिला, आणि पलटणीस गांठूं न शकल्यामुळें ले नोए या डोंगरांतल्या खेड्यांत नांव बदलून राहिला. तेथें तो गांवच्या मुलांना शिकवी. या प्रकरणाचें समर्थन करण्याचा माझा हेतु नाहीं. सरकारनें माफी जाहीर केल्यावर व धाकट्या भावानें त्याच्या जागीं सैन्यांत जाण्याचें पत्करल्यावर तो परत आला, एवढें सांगून पुढें जातों.

पुन्हा लॅटिन, पुन्हा अपयश. १८१३ सालीं तो लिऑनच्या मोठ्या सेमिनरींत गेला. तेथें व्याख्यानें लॅटिनमध्यें होत आणि परीक्षाहि लॅटिनमध्येंच होई. प्रश्न समजेना, मग उत्तर कोठून येणार? त्याला घरीं पाठविण्यांत आलें. आम्हां शिक्षकांच्या हातून अशीं किती मुलें घरीं गेलीं असतील, हा विचार मार्कांचें पुस्तक भरतांना माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. फादर बाले यांनीं मात्र आपल्या शिष्याचा हात सोडला नाहीं. त्यांनीं त्याला घरीं फ्रेंच भाषेंत शिकविलें, वरिष्ठांकडे पुन्हा पुन्हा खेटे घातले. अखेरीस धर्मप्रांताचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनीं, हा तरुण भक्तिमान् आहे कीं नाहीं, जपमाळ नीट म्हणतो कीं नाहीं, एवढीच चौकशी केली आणि बाकीचें देवाच्या कृपेवर सोंपविलें. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तेथवर ते एकटेच पायीं गेले होते. त्या वेळीं त्यांचें वय एकोणतीस होतें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट सांगावयाची आहे. एक्युली येथें साहाय्यक म्हणून नेमणूक झाल्यावर व्हियान्नी मिस्सा अर्पण करीत, बाप्तिस्मा देत. परंतु लोकांचें पापनिवेदन ऐकण्याची परवानगी कांहीं महिने त्यांस दिलेलीच नव्हती. एवढ्या कच्च्या शिकलेल्या माणसानें दुसऱ्याच्या अंतःकरणाचा निवाडा कसा करावा, ही शंका वरिष्ठांस होती. शेवटीं ती परवानगी आली तेव्हां त्यांच्यापुढें सर्वांआधीं गुडघे टेकले ते त्यांच्या गुरूंनीं, म्हणजे फादर बाले यांनीं. १८१७ च्या डिसेंबरांत फादर बाले वारले.

१८१८ च्या फेब्रुवारींत व्हियान्नी यांस आर्स येथें पाठविण्यांत आलें. गांव अवघें दोनशेंतीस वस्तीचें. धुक्यांत वाट चुकल्यामुळें त्यांनीं मेंढ्या राखणाऱ्या एका मुलास रस्ता विचारला. त्या भेटीचें स्मारक त्या जागीं उभारलेलें आहे. क्रांतीच्या काळांत वाढलेल्या पिढीस धर्मशिक्षण मिळालेलें नव्हतें. रविवारीं शेतांत औत चाले, संध्याकाळीं दारूचे गुत्ते भरत, नाच होत आणि चर्च रिकामें राही. नव्या धर्मगुरूंनीं आरंभ केला तो घरोघर जाऊन, आणि मुलांस रोज धर्मशिक्षण देऊन. १८२४ सालीं त्यांनीं मुलींसाठीं मोफत शाळा काढली. तीच पुढें अनाथ मुलींचें घर बनली. स्वतः ते उकडलेले बटाटे खाऊन राहत व ते बटाटे आठवड्याचे एकदम उकडून ठेवलेले असत.

ते कडक होते, हेंहि सांगितलें पाहिजे. नाच व दारू सोडण्याचें वचन न देणाऱ्यास ते पापक्षमा देत नसत, आणि कित्येकांस महिनेच्या महिने थांबावें लागे. आरंभींची ही कठोरता मला स्वतःला जड वाटते. पुढें वयाबरोबर ती पुष्कळ निवळली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याला मोठें प्रायश्चित्त झेपणार नाहीं त्याला ते थोडेंच सांगत, आणि उरलेलें स्वतः उपास करून व रात्र जागून पुरें करीत.

हळूहळू आसपासच्या गांवांतून माणसें येऊं लागलीं, मग दूरदूरच्या प्रांतांतून. १८५५ पर्यंत वर्षास वीस हजार यात्रेकरू येऊं लागले. लिऑनच्या रेल्वे स्टेशनांत आर्ससाठीं तिकिटांची वेगळी खिडकी उघडावी लागली आणि आठ दिवस चालणारें परतीचें तिकीट देण्याची सोय करावी लागली, कारण नंबर लागण्यास कित्येकदां दिवसच्या दिवस जात. व्हियान्नी मध्यरात्रीनंतर एकदोन वाजतां कंदील घेऊन चर्चमध्यें येत. बायकांचें पापनिवेदन ते एका बाजूच्या लहान वेदीजवळ ऐकत, पुरुषांचें वेदीशेजारच्या खोलींत. सकाळीं मिस्सा, अकरा वाजतां धर्मशिक्षण, आणि मधला सारा वेळ पुन्हा तेंच आसन. हिंवाळ्यांत अकराबारा तास, उन्हाळ्यांत सोळा तासांपर्यंत. हिंवाळ्यांत पाय गारठून बधिर होत, उन्हाळ्यांत त्या कोंदट जागेंत जीव घाबरा होई. कोणी श्रीमंत असो, विद्वान असो, मोलकरीण असो, ओळींत बसावेंच लागे. मात्र आजारी व अपंग यांस ते स्वतः पुढें बोलावीत.

या कीर्तीनें सर्वच प्रसन्न झाले असें नाहीं. शेजारच्या धर्मग्रामांतील कांहीं धर्मगुरूंनीं, हा अज्ञानी माणूस लोकांचे आत्मे कसे सांभाळणार, अशी तक्रार लिहिली. तो कागद फिरत फिरत खुद्द व्हियान्नी यांच्या हातीं आला. त्यांनीं तो वाचला, त्यावर आपलीहि सही केली आणि बिशपांकडे पाठवून दिला! बिशप देव्ही यांनीं त्यांस आर्सहून हलविलें नाहीं. वास्तविक हलण्याची इच्छा व्हियान्नी यांसच होती. आपण या कामास नालायक आहों, कोठें तरी एकांतांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडावें, असें त्यांस सारखें वाटे. ते एकाहून अधिक वेळां रात्रीं गुपचूप गांवाबाहेर पडले. १८५३ सालीं तर गांवकऱ्यांनीं चर्चची घंटा वाजवून लोक गोळा केले आणि त्यांची वाट अडविली. ते परतले आणि पापनिवेदनाच्या आसनावर जाऊन बसले. १८५२ सालीं बिशपांनीं सन्मानाची म्हणून एक झूल त्यांच्या खांद्यावर घातली होती. ती त्यांनीं पन्नास फ्रँकांस विकून पैसे गरिबांकडे लावले.

१८५९ चा जुलै महिना अतिशय उष्ण होता. ३० तारखेस पहाटे नेहमींप्रमाणें उठण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. पण उभें राहवेना. रस्त्यांतून, चर्चमधून यात्रेकरू तसेच बसून राहिले. ज्यांचें पापनिवेदन आदल्या दिवशीं अर्धवट राहिलें होतें अशा कांहींजणांस त्यांनीं अंथरुणाशींच बोलावून घेतलें. मग स्वतः पापनिवेदन केलें. शेवटचा ख्रिस्तप्रसाद घेऊन धर्मगुरु हातांत पेटत्या मेणबत्त्या धरून खोलींत आले, तेव्हां व्हियान्नी यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. अंत्याभ्यंगाचा संस्कारहि त्यांनीं पूर्ण शुद्धीवर असतां घेतला. ३१ मे १९२५ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें, आणि १९२९ सालीं सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून नेमलें.

त्यांस मरण आलें तें ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजतां. कंदील घेऊन चर्चमध्यें जाण्याची त्यांची वेळ तीच होती.