ट्राम येणार म्हणून अलिबागला गेलेली वेधशाळा

मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षी, 1896 मध्ये, कुलाबा वेधशाळेची सूत्रे नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे आली. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. 1859 च्या ऑक्टोबरात मुंबईत जन्मलेल्या या पारशी गृहस्थाने अभियांत्रिकी शिकून पुढे एडिंबरो विद्यापीठाची विज्ञान पदवी घेतली होती.

कुलाब्यात 1841 पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जात होते. टांगलेला चुंबक किती वळला ते पाहायचे आणि लिहायचे. कंटाळवाणे काम, पण त्याची किंमत सातत्यात असते. मूस यांच्या जन्माच्या दोन महिने आधी सूर्यामुळे उठलेले प्रचंड चुंबकीय वादळ इथल्या कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी वाचून हाताने टिपले होते. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद आजमावली ती याच नोंदींवरून.

विसावे शतक उजाडताना मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर नेण्याचे ठरू लागले. शहराला आनंद, मूस यांना घोर. वीज वाहणारी तार स्वतःच चुंबक होते. मालवणच्या खलाशाला होकायंत्राशेजारी लोखंडी पाना ठेवू नको म्हणून सांगावे लागत नाही. ट्राम म्हणजे तसाच पाना, फक्त पळणारा.

दोन विद्युतचुंबकांमधले बल दोन्हींतला प्रवाह, त्यांचे वेढे आणि मधले अंतर यांवर ठरते. एकातला प्रवाह दुप्पट झाला की बल दुप्पट. अंतर वाढले की ते घटते, पण शून्य कधीच होत नाही. एका लांब सरळ तारेचा हिशेब सोपा आहे. तिच्यातून 100 अँपिअर वाहत असतील तर 100 मीटरवर सुमारे 200 नॅनोटेस्ला चुंबकत्व जाणवते. पृथ्वीचे मुंबईजवळचे चुंबकत्व 40 हजारांच्या आसपास, म्हणजे 200 हा किरकोळ आकडा वाटेल. मात्र शांत दिवशी इथला दिवसभराचा चढउतार शंभराच्या आतच असतो, आणि मोजायचा असतो तो हा चढउतार! त्याच तारेपासून एक किलोमीटरवर 20 उरतात, 30 किलोमीटरवर एकही नाही.

प्रत्यक्षात ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, त्यामुळे परिणाम बराचसा कटतो. पण काही वीज जमिनीत झिरपते आणि हिशेब बिघडवते. शिवाय चूक स्थिर असती तर नंतर वजा करता आली असती. गाडी थांबते, सुटते, चढ चढते. प्रत्येक वेळी प्रवाह वेगळा. ते वजा कसे करणार?

ट्राम अडवण्यापेक्षा मूस यांनी आपणच लांब जायचे ठरवले आणि सरकारला ते पटवले. जागा निवडली अलिबाग, कुलाब्यापासून साधारण 30 किलोमीटरवर. इमारतीत लोखंड चालणार नव्हते. कोकणचा काळा दगडही बाद, कारण त्यात चुंबकीय खनिज असते. जांभ्याचा लाल रंगही लोखंडाचाच. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, बाकी तांबे-पितळ. एमआरआयच्या खोलीत लोखंड नको, कारण तिथला चुंबक राक्षसी. अलिबागेत नको, कारण मोजायची हालचाल अतिशय नाजूक.

मूस यांचे खरे मोठेपण मात्र पुढच्या निर्णयात दिसते. 1904 मध्ये अलिबागचे काम सुरू झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली. रुग्णाचा रक्तदाब वर्षानुवर्षे एका यंत्राने पाहिला आणि एके दिवशी यंत्र बदलले, तर वाढलेला आकडा रुग्णाचा की यंत्राचा? काही दिवस दोन्ही यंत्रे लावली तरच कळते. रुग्णालयांतही एवढा संयम क्वचित दिसतो. मूस यांच्या या दोन वर्षांमुळे कुलाब्याची साठ-पासष्ट वर्षांची मालिका अलिबागच्या नोंदींना जोडता आली.

7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. मूस यांनी 1846 ते 1905 च्या कुलाब्याच्या नोंदी तपासून, त्यांचे विश्लेषण करून 1910 मध्ये दोन भागांत छापल्या. पुढे 1919 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1936 मध्ये वारले. ट्राम 1964 मध्ये बंद पडली. अलिबागची मोजमापे अजून चालू आहेत. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत.