पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकामुळे परिचित आहे. १८८५ साली मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे ते प्रमुख प्रवर्तक होत. परंतु ह्याच गृहस्थांनी हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचा भक्कम पाया घातला, ही गोष्ट परीक्षेत विचारली जात नाही म्हणून की काय, फारशी कोणास ठाऊक नसते.

ह्यूम ह्यांचा जन्म १८२९ सालचा. १८४९ मध्ये ते बंगालच्या मुलकी नोकरीत शिरले व पुढे इटाव्यास कलेक्टर झाले. तेथे त्यांनी शाळा काढल्या आणि पक्षी जमविण्यासही आरंभ केला. १८५७ च्या धामधुमीत तो संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा श्रीगणेशा केला. देशभरच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार ठेवून त्यांनी सिमल्याच्या आपल्या घरी पक्ष्यांच्या कातड्यांचे एक संग्रहालयच उभे केले व स्ट्रे फेदर्स हे नियतकालिक चालविले. सरकारशी मतभेद झाल्याने १८७९ साली त्यांचे सचिवपद गेले. पक्ष्यांचे काम मात्र थांबले नाही.

पंचवीस वर्षांच्या टिपणांतून हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावा, हा त्यांचा मनोदय होता. पण ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने त्या हस्तलिखितांची चळत बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. एका माणसाचे अर्धे आयुष्य पुड्या बांधण्यात गेले! ह्यूम ह्यांचे मन त्यावरून उडाले आणि ऐंशी हजारांच्या आसपास नमुने त्यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले.

कातड्यात पिसांचा रंग राहतो, चोचीचे माप राहते. आवाज राहत नाही. ह्यूम ह्यांचे स्नेही ब्रुक्स ह्यांनी १८७८ साली एका चिमुकल्या हिरवट पक्ष्यास त्यांचे नाव दिले. हाच ह्यूमचा पर्णवटवट्या. हा हिमालयात व मध्य आशियाच्या डोंगरांत वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्या मध्य भारतात उतरतो. सैबेरियातील पिवळ्या भुवईच्या वटवट्यासारखा तो इतका दिसतो की, पुष्कळ काळ दोघांस एकच जात मानीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिली, तेव्हा ती अगदी निराळी निघाली; रक्तातील आनुवंशिक द्रव्यानेही तीच साक्ष दिली. एका जातीचे थवे पर्वतांनी वा वाळवंटांनी दुरावले की पिढ्यानुपिढ्या त्यांचे गाणे पालटत जाते. पुढे ते पुन्हा भेटले तरी मादीस परक्या नराची साद आपली वाटत नाही, जोडी जमत नाही, आणि एकाच्या दोन जाती होतात.

आमच्या बोरगावात तिन्हीसांजेस जुन्या झाडांवर पिंगळे कर्कश भांडतात, ते सर्वांनी ऐकले असेल. त्यांचा दुर्मिळ भाऊ रानपिंगळा. १८७२ साली ब्लुइट ह्यांनी आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागातून त्याचा नमुना पाठविला आणि १८७३ मध्ये ह्यूम ह्यांनी त्यास ब्लुइटचेच नाव देऊन स्वतंत्र जात ठरविली. १८८४ नंतर तो कोणास दिसेना. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात शहाद्याजवळ अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांस तो जिवंत आढळला. पुढे आपल्या पश्चिमेच्या मेळघाटातही सापडला. मग त्याचा आवाज नोंदला गेला. तो साध्या पिंगळ्याहून मऊ, शिटीसारखा आहे. घुबडांची पिले आवाज शिकत नाहीत, तो जन्मजातच असतो. म्हणून ही खूण विशेष भरवशाची.

ह्यूम हे १९१२ साली लंडन येथे वारले. रानपिंगळ्याची साद त्यांच्या कानी कधी पडली नव्हती, केवळ कातड्यावरून त्यांनी तो ओळखला होता. २०१८ मधील आनुवंशिक अभ्यासाने त्यांनी कल्पिलेला निराळा वंश मोडला व रानपिंगळा साध्या पिंगळ्याच्याच वंशात गेला. जात मात्र त्यांनी ठरविली तशीच राहिली.