फुगलेले आतडे आणि निर्दोष दिसणारा टोकाचा भाग

बर्लिनमध्ये १८८६ साली बालरोगतज्ज्ञांची सभा भरली होती. कोपनहेगनहून आलेल्या पंचावन्न वर्षांच्या एका डॉक्टरने तिथे दोन मुलग्यांची हकिगत सांगितली. दोघांनाही जन्मापासून शौचाला होत नव्हते, पोट ढोलासारखे फुगायचे. औषधे झाली, एनिमा झाले, तरी दोघेही दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड रुंद झालेले आणि त्याची भिंत जाड झालेली दिसली. वाट अडवणारे मात्र काहीच सापडले नाही. त्या डॉक्टरांचे नाव हॅराल्ड हिर्शस्प्रुंग.

त्यांचा जन्म १८३० चा. वडिलांचा कोपनहेगनमध्ये तंबाखूचा भरभराटीचा कारखाना होता, पण हॅराल्ड यांनी वैद्यक निवडले. अन्ननलिका आणि लहान आतडे जन्मतःच बंद असण्याचा दोष हा त्यांच्या १८६१ च्या प्रबंधाचा विषय होता. १८७० मध्ये ते शहरातील छोट्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १८७९ मध्ये राणी लुईझ यांच्या नावाने उघडलेल्या नव्या बालरुग्णालयाचे. प्रत्येक खाटेवर बायबलमधले वचन असावे, अशी राणीची इच्छा होती. आजारी मुलांना प्राण्यांची चित्रे जास्त आवडतील, असे हिर्शस्प्रुंग यांचे मत होते. ते मागे हटले नाहीत आणि राणी नाराज झाली.

अशा फुगलेल्या आतड्याच्या तुरळक नोंदी आधीही होत्या. पण हा स्वतंत्र, जन्मजात आजार आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांचा एक अंदाज मात्र चुकला. रुंद झालेले आतडेच सदोष आहे, असे त्यांना वाटले. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे शल्यविशारद फुगलेला भाग कापत राहिले आणि त्रास पुन्हा उद्भवत राहिला.

खरा दोष होता त्याखालच्या, वरकरणी ठीक दिसणाऱ्या भागात. आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी मळ पुढे ढकलण्याची लय सांभाळतात. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत या पेशी वरून खाली सरकत गुदद्वारापर्यंत पोहोचतात. काही बाळांमध्ये त्या वाटेतच थांबतात. मग शेवटचा भाग आवळलेलाच राहतो, मळ पुढे सरकत नाही आणि वरचे निरोगी आतडे ताणून फुगते. या पेशी नसल्याची नोंद १९०१ मध्येच झाली होती, पण तिचे महत्त्व पटायला जवळपास अर्धे शतक गेले. १९४८ मध्ये बोस्टनचे ऑर्वार स्वेन्सन यांनी पेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हिर्शस्प्रुंग तोवर हयात नव्हते. १९०४ मध्ये आजारपणामुळे निवृत्त झालेले हे डॉक्टर १९१६ मध्ये वारले.

साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो बराच जास्त आढळतो. मुलांमधला बहुतेक मलावरोध शरीररचनेतल्या दोषामुळे नसतो. शी करताना दुखेल या भीतीने ती रोखून धरणे, तंतुमय अन्न व पाणी कमी पडणे, अशी त्याची कारणे असतात. फक्त आईच्या दुधावरचे बाळ महिन्या-दीड महिन्यानंतर काही दिवस शी न करताही ठणठणीत असू शकते. पण गुदद्वार अरुंद किंवा जागा सोडून असणे, मज्जारज्जूतला दोष आणि हिर्शस्प्रुंगचा आजार ही कारणे आहारातल्या बदलाने जात नाहीत.

म्हणून पहिल्या दोन दिवसांकडे लक्ष हवे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळी, चिकट शी बहुधा २४ तासांत होते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली किंवा पुढे वजन वाढेना, तर बालरोगतज्ज्ञांना गाठावे. ताप येऊन दुर्गंधीयुक्त पातळ शी जोरात होऊ लागली, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे अशा वेळी एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ वापरला जातो. त्याने तात्पुरती शी होते, सगळे निर्धास्त होतात आणि निदान लांबते.

गुदाशयाचा चिमूटभर तुकडा तपासून निदान पक्के करता येते. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांना शौचाच्या तक्रारी राहतात, पण बहुतेक मुले चांगली वाढतात. बर्लिनच्या सभेत ज्यांची हकिगत सांगितली गेली, त्या दोन मुलग्यांसाठी तेव्हा यातले काहीच उपलब्ध नव्हते.