रमाबाई रानडे : लग्नानंतर पाटी हातात घेतलेली 11 वर्षांची मुलगी गव्हर्नरसमोर इंग्रजी भाषण कशी वाचू शकली?

वर्गात बाईंनी उभं राहून धडा वाचायला सांगितला, एका शब्दाला अडखळलात आणि सगळा वर्ग हसला. असं तुमच्यासोबत कधी झालंय? त्यानंतर हात वर करायची भीती वाटायला लागते. 'मला वाचता येत नाही' हे मनात पक्कं बसतं.

सुमारे 150 वर्षांपूर्वी पुण्यातली एक मुलगी याच भीतीतून गेली. फरक एवढाच, की तिच्यावर हसणारे वर्गात नव्हते, घरातच होते.

तिचं नाव रमाबाई रानडे. 'उंच माझा झोका' ही मालिका पाहिली असेल, तर छोटी रमा आठवत असेल. पण खऱ्या रमाबाई वाचायला कशा शिकल्या?

लग्न झालं, अक्षरओळख नव्हती

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. मुलींना शिकवण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

1873 मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. त्या 11 वर्षांच्या, तर रानडे 31 वर्षांचे विधुर. विधवा विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

पण लग्न होताच त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं. दिवसा घरकाम, रात्री पाटी. आधी मुळाक्षरं आणि बाराखडी, मग मराठी पुस्तकं. नंतर इतिहास, भूगोल, गणित आणि इंग्रजी.

घरातच विरोध

एकत्र कुटुंबातल्या बायकांना हे अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, कामाचा बोजा असं सगळं रमाबाईंच्या वाट्याला आलं. वाचणं ही त्या घरात लपवण्याची गोष्ट होऊन बसली होती.

विचार करा, एखादी गोष्ट आपल्याला जेमतेम जमायला लागलीय आणि आजूबाजूचे सगळे म्हणतायत की ती तू करूच नकोस. अशा वेळी बहुतेक मुलं पुस्तक मिटून ठेवतील.

रमाबाईंनी मिटलं नाही. याचं श्रेय त्यांच्या चिकाटीला आहेच. पण रोज रात्री त्यांचं वाचन ऐकायला एक माणूस होता, हेही तितकंच महत्त्वाचं. रानडे त्यांच्याकडून वर्तमानपत्रं वाचून घ्यायचे आणि मग त्या बातम्यांवर त्यांच्याशी चर्चा करायचे.

वाचून झाल्यावर 'तुला काय वाटतं' असं कुणी विचारलं, की वाचन ही परीक्षा राहत नाही. आपल्याला कळतंय, आपल्या मताला किंमत आहे, हा विश्वास तिथूनच येतो.

घरातून व्यासपीठावर

पुढची पायरी होती चारचौघांत वाचण्याची. नाशिकमध्ये हायस्कूलच्या कार्यक्रमाला रमाबाई प्रमुख पाहुण्या म्हणून गेल्या. हे त्यांचं पहिलं जाहीर भाषण, आणि ते रानडे यांनी लिहून दिलं होतं. म्हणजे सुरुवातीला आधार होता. तो काही लाजेचा भाग नव्हता.

मग पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी पुढे आली. त्यासाठी रमाबाईंनी थेट मुंबईच्या गव्हर्नरसमोर इंग्रजीतून भाषण केलं. 1884 मध्ये ही शाळा सुरू झाली. तीच आजची हुजूरपागा.

वाचक ते लेखिका

1901 मध्ये रानडे यांचं निधन झालं. तेव्हा रमाबाई 38 वर्षांच्या होत्या.

1909 मध्ये पुण्यात सेवासदनचं काम सुरू झालं. शिकायचं राहून गेलेल्या बायकांना तिथे अक्षरओळखीपासून शिक्षिका आणि नर्सच्या प्रशिक्षणापर्यंतचा रस्ता मिळाला. उशिरा पाटी हातात घेण्याचा संकोच काय असतो, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

1910 मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. लग्नाच्या वेळी एक अक्षरही न येणाऱ्या मुलीचं हे पुस्तक आज मराठीतल्या महत्त्वाच्या आत्मकथनांमध्ये गणलं जातं.

पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यात मुलीही हव्यात यासाठी त्या चळवळीत उतरल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

आज ही गोष्ट का सांगायची?

आज तुमच्या घरातलं एखादं मूल वाचताना अडखळत असेल. त्याच्या चुका मोजणारे खूप जण भेटतील. तुम्ही रोज दहा मिनिटं शेजारी बसून फक्त ऐका, आणि शेवटी त्याला गोष्टीबद्दल काय वाटलं ते विचारा.

रमाबाईंच्या वाचनाला याच सवयीने बळ दिलं होतं.