चवदार तळ्याचा हक्क

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बालपणी शाळेत शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. पुढे कोलंबिया व लंडन येथील उच्च विद्या संपादून ते परतले, तरी समाजाचा पाणवठा बंदच होता. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक तळी खुली झाली, पण ती कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो अनुयायांसह ते चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. डिसेंबरमधील परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच परिषदेतील मनुस्मृतिदहन आपणांस स्मरते; जाहीरनामा मात्र, खेदाने म्हणावे लागते, फारसा कोणी वाचत नाही. तळ्याचा खटला १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला.

संविधान सभेने अस्पृश्यतानिवारणाचे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्कांची घोषणा पॅरिसला झाली ती त्यानंतर अकरा दिवसांनी. संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे.