गुरुवर्य केळुसकर आणि विद्यार्थ्याची पाठराखण

आमच्या विद्यालयात समुपदेशकाची स्वतंत्र खोली सुरू झाली, तेव्हा तिच्या भिंतीवर कोणाची तसबीर लावावी, असा प्रश्न निघाला. तथागतांची प्रतिमा आणि बाबासाहेबांची तसबीर तर प्रत्येक दालनात आहेच. तिसरी जागा मोकळी होती. कोणी मानसशास्त्रज्ञाचे नाव सुचविले, कोणी एका थोर शिक्षणतज्ज्ञाचे. आम्ही गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव पुढे केले, तेव्हा क्षणभर शांतता पसरली. बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट देणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना होती. ती ओळख खरी आहे, परंतु फार अपुरी आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती थोडी पुरी करावी, असे आमच्या मनात आहे.

कृष्णराव केळुसकर यांचा जन्म १८६० साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात, केळूस या गावी झाला. आयुष्य मात्र मुंबईत गेले, आणि ते शिक्षकी पेशात गेले. वर्गावरचे काम सांभाळून त्यांनी लेखन केले. संत तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले. गौतम बुद्धांचे चरित्र त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत आणले. छत्रपती शिवाजी महाराजांचे त्यांचे विस्तृत चरित्र इतके मान्यता पावले, की १९२१ साली प्रा. ताकाखाव यांच्या लेखणीतून ते इंग्रजीत अवतरले. तुकाराम, बुद्ध आणि शिवाजी महाराज या तिघांची चरित्रे एकाच शिक्षकाने लिहावीत, यावरून त्या मनाची ओढ कोणीकडे होती हे कळते. पण आज आम्हाला ग्रंथकार केळुसकरांविषयी लिहावयाचे नाही. शाळा सुटल्यावर बागेत फिरावयास जाणाऱ्या केळुसकरांविषयी लिहावयाचे आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी तो प्रसंग नोंदविला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुभेदार रामजी सकपाळ सातारहून मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. एका खोलीत अख्खे बिऱ्हाड. भीमरावाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलेले. सरकारी शाळा असूनही तेथे विटाळ सुटला नव्हता. घरात अभ्यासाला कोपरा नाही, वर्गात आपलेपणा नाही. म्हणून हा मुलगा शाळेनंतर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. विल्सन हायस्कूलमध्ये शिकविणारे केळुसकर त्याच बागेत येत. एक मुलगा रोज एकटाच बसतो, खेळत नाही, आणि हातातले पुस्तक क्रमिक नसते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी जवळ जाऊन विचारपूस केली. हा मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या वर्गाचा नव्हता, त्याच्या निकालाची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. तरीही त्यांनी त्याला वाचावयास पुस्तके देण्यास प्रारंभ केला.

येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच वसतिगृहात आठवीतला एक मुलगा सायंकाळच्या हजेरीला नसे. तो पाण्याच्या टाकीमागे बसलेला सापडे. आम्ही त्याला दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा पालकांना बोलाविण्याची धमकी दिली. तो तेथे का बसतो, हे मात्र विचारले नाही. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला आणि आई-बापांबरोबर ऊसतोडीला निघून गेला, तो परतलाच नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून येणाऱ्या आमच्या अनेक मुलांच्या घरी दिवाळीनंतर कुलूप असते. गाड्या भरून कुटुंबे कारखान्यांकडे जातात. दरवर्षी त्या काळात वसतिगृहातील काही खाटा रिकाम्या होतात. समुपदेशकाची खोली सुरू करण्यामागे त्या मुलाची रिकामी खाट होती.

आता पुन्हा केळुसकरांकडे वळू. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजात तेव्हा ही गोष्ट अपूर्व होती. सभा भरवून कौतुक करावे असे वस्तीतल्या मंडळींना वाटले. धनंजय कीरांच्या चरित्रात ही सभा मॅट्रिकनंतरची आहे आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले आहेत. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत मात्र हा सत्कार इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाल्याचा सांगितला आहे आणि अध्यक्षपद दादा केळुसकरांकडे दिले आहे. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही. ती पुढे प्रसिद्ध झाली. इयत्तेचा वाद संशोधकांनी सोडवावा. आम्हाला त्या प्रस्तावनेतील दुसराच तपशील मोलाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

रामजी सुभेदारांनी सत्काराला नकार दिला होता. मुलाने केवळ एक परीक्षा दिली आहे, एवढ्यावर सभा भरविली तर त्याच्या डोक्यात वारे शिरेल, अशी त्यांची धास्ती होती. मंडळी हिरमुसली, पण ती केळुसकरांकडे गेली. केळुसकर सुभेदारांचे स्नेही. त्यांनी घरी जाऊन समजूत घातली, थोडी वादावादी झाली, आणि अखेरीस बाप राजी झाला. हे दृश्य आम्ही पुष्कळदा मनासमोर आणले आहे. सुभेदार कठोर होते, पण अडाणी नव्हते. मुलाच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडणारा तो बाप होता. त्याची भीती केळुसकरांनी धुडकावली नसणार. आमच्या कार्यालयात येणारे पालकही काही वेळा असेच मुलाच्या भल्यासाठीच मुलाची वाट अडवितात. मुलीला दहावीनंतर पुढे शिकवावयाचे नाही, असे सांगणाऱ्या वडिलांपुढे शासकीय परिपत्रक ठेवून काही साधत नाही. त्यांच्याजवळ बसावे लागते, आणि तेही त्यांच्या ओट्यावर.

सभा झाली. भाषणाच्या शेवटी केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. त्यातून काय उगवले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. एवढेच नोंदवितो, की पुस्तक वाचून मुलाने प्रथम प्रश्न केला तो वडिलांना : आपल्या घरी रामायण-महाभारताचा आग्रह का, आणि बुद्धाची ओळख का करून दिली नाही? केळुसकरांनी पुस्तक दिले, मत दिले नाही. (जाता जाता एक गोष्ट. आपल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. तेथील उपासकांनी सांचीच्या स्तूपाला दिलेल्या दानाचे शिलालेख आजही वाचता येतात. दगडाचे दान देणाऱ्या त्या आपल्या पूर्वजांना केळुसकरांचे हे पुस्तकाचे दान नक्कीच आवडले असते.)

पुस्तकाने पोट भरत नाही, ही गोष्ट केळुसकर जाणून होते. भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले आणि इंटरच्या परीक्षेपर्यंत सुभेदारांची शिल्लक संपली. शिक्षण थांबण्याची वेळ आली. केळुसकरांना महाराजा सयाजीराव गायकवाडांनी गुणी अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचे बोललेले ठाऊक होते. त्यांनी नुसता पत्ता देऊन विद्यार्थ्याला धाडले नाही. ते स्वतः त्याला घेऊन महाराजांपुढे उभे राहिले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या बळावर भीमराव बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार निवर्तले आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज हातात देणे आणि त्या दारापर्यंत बरोबर जाणे, यांतील अंतर आमच्या मुलांना पुरते ठाऊक आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आधारातील नावाची चूक. यांतील एकेका अडचणीपायी वर्ष बुडते. आमच्या समुपदेशक ताईंचा निम्मा वेळ तहसीलच्या आवारात जातो, हे वाचून कोणी हसू नये.

केळुसकरांना यश आले नाही, असा प्रसंगही सांगितला पाहिजे. १९१७ साली डॉक्टर आंबेडकर करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कार्यालयातले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद फेकीत आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले आणि ते मुंबईस परतले. मधल्या काळात केळुसकरांनी पुन्हा खटपट केली. बडोद्यातील एका परिचित प्राध्यापकाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेण्याचे कबूल केले. डॉक्टर आंबेडकर बडोद्याला पोहोचले, तेव्हा घरच्या मंडळींचा विरोध असल्याचा निरोप त्यांच्या हाती पडला, आणि ते आल्या पावली माघारी फिरले. ज्याच्यावर कोलंबियात नामांकित प्राध्यापकांनी लोभ केला, त्याला बडोद्यात एक खोली मिळाली नाही. ही व्यथा विद्यार्थ्याच्या मनाची नव्हती, ती समाजाची होती; कोणाही शिक्षकाच्या सांत्वनाने ती शमणारी नव्हती. आमच्या खोलीत येणाऱ्या मुलाचे दुःख दर वेळी त्याच्या मनातच असते असे नाही, ही गोष्ट आम्ही या प्रसंगावरून शिकलो. मुलाला धीर धरावयास शिकवून वर्गातला अन्याय तसाच ठेवणे, हे समुपदेशन नव्हे. अशा वेळी ताई मुलाशी बोलतात आणि मग आमच्याकडे येतात, आणि आम्हाला पुष्कळदा अप्रिय बोलतात. ते आम्ही ऐकून घेतो. नेहमीच आनंदाने घेतो, असे म्हणवत नाही.

केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. त्यानंतर वर्षभराने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, आणि आमच्या जालन्याच्या कितीतरी घरांतील पहिला पदवीधर तेथून बाहेर पडला. यांतले काहीही गुरुजींनी पाहिले नाही. बागेत बसलेल्या मुलाला पुस्तक देताना त्यांना यातले काही दिसत असेल, असेही आम्हाला वाटत नाही. त्यांना बहुधा एवढेच दिसले असेल, की पोर वाचते आहे आणि त्याच्याजवळचे पुस्तक संपत आले आहे.

तसबीर आता लागली आहे. खोली रात्रीच्या जेवणानंतर तासभर उघडी असते. पाण्याच्या टाकीमागे आम्ही एक बाक ठेवला आहे.