बर्फाबरोबर वाहत गेलेलं जहाज

मुलांनो, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वरच्या वाडीतली एखादी टोपली, कडब्याची पेंढी, नाहीतर कुणाची चप्पल वाहत वाहत खाली येते आणि पुलाला अडकते. ती बघून पाणी कुठून आलं ते आपल्याला लगेच कळतं. एवढ्याशा गोष्टीवरून एका माणसानं एक जहाज बांधलं आणि ते मुद्दाम समुद्राच्या बर्फात अडकवलं! त्या माणसाचं नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वे देशात, आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. नॉर्वे म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचा थंडगार देश. तिथली मुलं पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जातात. याला स्की म्हणतात. फ्रित्यॉफ यात लहानपणापासूनच पटाईत होते. पुढे त्यांनी प्राणिशास्त्र शिकायला घेतलं. १८८२ साली सील माशांची नव्हे बरं का, सील नावाच्या सागरी प्राण्यांची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून ते उत्तरेच्या समुद्रात गेले. तिथं ते जहाज ग्रीनलंडजवळच्या बर्फात काही आठवडे अडकून पडलं. बाकीचे वैतागले, पण नान्सेन वाहत जाणारा बर्फ पाहत बसले.

१८८८ साली त्यांनी पाच सोबती घेऊन ग्रीनलंडचं बर्फाचं पठार स्कीवरून पार केलं. आधीचे लोक पश्चिमेच्या वस्तीकडून निघत आणि कठीण वाटलं की परत फिरत. नान्सेन उलटे निघाले, निर्जन पूर्व किनाऱ्याकडून. मागं वस्ती नाही, म्हणजे पुढंच जायला हवं! ते पलीकडे पोचले तेव्हा शेवटचं जहाज निघून गेलं होतं. म्हणून सारा हिवाळा त्यांना तिथल्या एस्किमो म्हणजे इन्युइट लोकांजवळ काढावा लागला. पण तो वेळ त्यांनी वाया घालवला नाही. कयाक नावाची हलकी होडी चालवायला, शिकार करायला, थंडीत राहायला ते त्या लोकांकडून शिकले. ही विद्या पुढे त्यांचा जीव वाचवणार होती.

आता त्या वाहून आलेल्या वस्तूंची गोष्ट ऐका. १८८१ साली ‘जीनेट’ नावाचं एक अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी, १८८४ साली, त्या जहाजाच्या काही वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बर्फावर सापडल्या. त्यात एका खलाशाची मेणकापडाची विजारही होती. सैबेरिया कुठं आणि ग्रीनलंड कुठं! हेन्रिक मोन या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं सांगितलं, की या वस्तू बर्फाबरोबर ध्रुवाकडच्या समुद्रातून वाहत आल्या असल्या पाहिजेत. नान्सेन यांनी ते वाचलं आणि त्यांच्या मनानं घेतलं, की विजार जाते तर जहाज का जाणार नाही?

आजवर सगळे बर्फाशी झुंजत होते. नान्सेन यांना झुंजायचं नव्हतं. बर्फ नेईल तिकडं जायचं आणि जाता जाता समुद्राचा अभ्यास करायचा, असा त्यांचा बेत होता. मोठमोठ्या अनुभवी प्रवाशांनी हा बेत म्हणजे आत्मघात आहे असं ठरवलं. त्यांचं तरी काय चुकलं? बर्फ मजबूत जहाजंसुद्धा काडेपेटीसारखी चेपतो हे त्यांनी पाहिलं होतं.

पण हे जहाजच वेगळं होतं. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून बघा. तो फुटत नाही, टुणकन निसटतो. कॉलिन आर्चर या कारागिरानं जहाजाचा आकार तसाच केला. पोट गोल गुळगुळीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फानं दाबलं की जहाज चिरडायच्या ऐवजी वर उचललं जावं. लांबी ३९ मीटर आणि रुंदी ११ मीटर, असं ते बुटकं नि रुंद होतं. लाकडाच्या भिंती ७० ते ८० सेंटिमीटर जाड होत्या. सुकाणू आणि पाण्यातला पंखा बर्फात मोडू नये म्हणून वर ओढून घेता येत असे. थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींना बूच, रेनडिअरचे केस वगैरेंचे थर दिले होते. दिव्यासाठी पवनचक्की बसवली होती. १८९२ च्या ऑक्टोबरात नान्सेन यांच्या पत्नी एव्हा यांनी जहाजाला नाव दिलं ‘फ्राम’. त्याचा अर्थ ‘पुढे’.

२४ जून १८९३ रोजी फ्राम निघालं. घरी नान्सेन यांची मुलगी लिव्ह अवघ्या साडेपाच महिन्यांची होती. जहाजावर एकूण १३ माणसं, कप्तान ओटो स्वेर्द्रुप आणि पाच वर्षांचं अन्न होतं. सप्टेंबरात सैबेरियाच्या उत्तरेला फ्राम बर्फात गोठलं. मग बर्फाच्या भिंती गडगडाट करीत जहाजावर चालून आल्या. आतल्या माणसांच्या छातीत धडकी भरली असेल! पण फ्राम कुरकुर करीत हळूच वर उचललं गेलं. चिंचोका निसटला!

रोजचं काम ठरलेलं होतं. हवा, पाणी, बर्फ यांची मोजदाद करायची. समुद्राची खोली मोजायला दोरी सोडली, तर ती तळाला लागेचना! ध्रुवाजवळचा समुद्र उथळ आहे अशी तेव्हा समजूत होती. मग त्यांनी जहाजावरचा एक पोलादी दोर सोडवला, त्याच्या तारा पुन्हा वळून लांब दोरी केली आणि मोजलं. खोली भरली ३,००० मीटरहून जास्त! आणखी एक नवल सापडलं. वरचं पाणी गोठणारं, पण त्याखाली अटलांटिक महासागरातून आलेल्या जरा उबदार, खारट पाण्याचा थर होता. बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेनं न जाता थोडा उजवीकडे सरकतो, हेही त्यांनी टिपलं. यावरूनच पुढं एकमन या शास्त्रज्ञानं समुद्राच्या प्रवाहांचं गणित मांडलं.

पण जहाज फार हळू सरकत होतं, कधी कधी तर उलटं मागं. ते ध्रुवावरून जाणार नाही हे नान्सेन यांच्या ध्यानात आलं. मग १४ मार्च १८९५ रोजी ते आणि यालमार योहानसेन २८ कुत्रे, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक घेऊन ध्रुवाकडे चालत निघाले. परत जहाजावर येणं शक्य नव्हतं, कारण जहाज जागेवर राहणारच नव्हतं. आपण गावाबाहेर जावं आणि माघारी येईतो गावच सरकलेलं असावं, तसं ते होतं.

ते उत्तरेला चालत, तर पायाखालचा बर्फ दक्षिणेला सरके! ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटांवर पोचले. इतक्या उत्तरेला तोवर कोणी गेलं नव्हतं. ध्रुव सुमारे ४२० किलोमीटर उरला होता. पण अन्नाचा हिशेब केला तेव्हा कळलं, की आणखी पुढं गेलो तर घरी जाणं नाही. जहाजाचं नाव ‘पुढे’, पण त्या दिवशी नान्सेन मागं फिरले.

परतीची वाट भयंकर होती. एकदा दोघंही घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. वेळ कळेना, म्हणून आपण कोणत्या रेखावृत्तावर आहोत हेही नक्की कळेना. अन्न कमी पडलं तसे एकेक करून कुत्रे मारावे लागले. त्याचं दुःख दोघांनाही फार झालं. हिवाळा त्यांनी फ्रान्झ जोसेफ लँड या बेटांवर दगडांच्या झोपडीत काढला. छप्पर वॉलरसच्या कातड्याचं, आणि जेवण रोज अस्वलाचं मांस. उन्हाळ्यात पुढं निघाले तर एके दिवशी दोरी तुटली आणि कयाक पाण्यावर दूर जाऊ लागले. बंदुका, अन्न, सगळं त्यात! नान्सेन यांनी त्या बर्फाळ पाण्यात उडी मारली. हातपाय बधिर झाले, तरी त्यांनी कयाक गाठले. काठावर योहानसेन जीव मुठीत धरून येरझाऱ्या घालत होते.

१७ जून १८९६ रोजी नान्सेन यांना कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. जॅक्सन नावाच्या इंग्रज प्रवाशाचा तळ तिथं होता. त्यांच्याच जहाजातून दोघं १३ ऑगस्टला नॉर्वेला पोचले. आणि गंमत पाहा, त्याच दिवशी फ्रामसुद्धा बर्फातून मोकळं झालं! तेराच्या तेरा माणसं सुखरूप घरी आली.

पुढं नान्सेन यांनी समुद्रशास्त्राचं खूप काम केलं. खोल समुद्रातलं पाणी वर आणायची त्यांची ‘नान्सेन बाटली’ जगभर वापरली गेली. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीनं त्यांनी सुमारे सव्वाचार लाख युद्धकैद्यांना घरी पोचवलं. ज्यांना देशच उरला नव्हता अशा निर्वासितांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ काढला. १९२२ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. बर्फात स्वतः घराला मुकलेल्या माणसाला परक्याचं घर हरवणं समजलं, यात नवल ते काय? १३ मे १९३० रोजी ते वारले.

फ्राम पुढं १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेन यांच्याही उपयोगी पडलं. आज ते ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. नान्सेन यांची युक्ती मात्र अजून चालू आहे. २०१९ साली जर्मनीचं ‘पोलारश्टेर्न’ हे संशोधन जहाज असंच मुद्दाम बर्फात गोठवून घेऊन वाहत गेलं. आपल्या भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, तीसुद्धा नॉर्वेच्याच ‘पोलर सर्कल’ या जहाजातून.

नान्सेन ध्रुवावर पोचले नाहीत, मुलांनो. पण जिथं थांबायला हवं तिथं थांबले, म्हणून माणसंही वाचली आणि समुद्राचं ज्ञानही घरी आलं.

एवढं करा : शाळेतला पृथ्वीगोल घ्या. सैबेरियाच्या उत्तरेला एक बोट ठेवा आणि ग्रीनलंडवर दुसरं. मधून ती विजार कशी गेली असेल, ते शोधा.